आजारी पोपट वेगळा ठेवला, पुढे काय?

पक्षीपालनाच्या पुस्तिकांत साथीवर एक उपाय हमखास दिलेला असतो : आजारी पक्षी ओळखा आणि वेगळा ठेवा. सल्ला चुकीचा नाही. पण पोपटांच्या विषाणुजन्य रोगांत तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे, असा आमचा आक्षेप आहे.

पॅचेको रोगाचे उदाहरण घेऊ. हर्पिस गटातील विषाणूमुळे होणाऱ्या या रोगात पोपट बहुधा लक्षणे न दाखवताच अचानक मरतो. ‘आजारी’ पक्षी ओळखायला वेळच मिळत नाही. उलट, संसर्गातून वाचलेला धडधाकट पक्षी विषाणू अंगात बाळगतो आणि जागा बदलली किंवा विणीचा ताण आला की विष्ठेतून तो बाहेर टाकतो.

आपल्याकडे ‘लव्हबर्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बजरीगरांतही असेच घडते. पॉलिओमा विषाणूने मरतात ती पिल्ले; तो पसरवतात मात्र निरोगी दिसणारे प्रौढ. म्हणून मेलेली पिल्ले काढून टाकणे पुरत नाही. काही महिने वीणच थांबवावी लागते आणि घरट्यांच्या पेट्या निर्जंतुक कराव्या लागतात. नवी पिल्ले मिळाली नाहीत की संसर्गाची साखळी तुटते.

चोच व पिसे विद्रूप करणारा सर्कोव्हायरस तर पिसांच्या भुकटीतूनही पसरतो. त्याला मेदाचे आवरण नसल्याने अल्कोहोलसारख्या जंतुनाशकांना तो सहज दाद देत नाही. त्यावर खात्रीचे औषधही नाही. निसर्गातून नाहीसा झालेला स्पिक्सचा मकाव बंदिवासात वाढवून २०२२ मध्ये ब्राझीलमधील कुरासा परिसरात सोडला गेला. २०२५ मध्ये तेथे हा विषाणू आढळला. मोकळे राहिलेले ११ पक्षी पुन्हा पकडून तपासले, तेव्हा अकराही बाधित निघाले.

मग पुस्तिकांत काय हवे? नवा पक्षी निरोगी दिसला तरी काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा. तपासणी एकदा करून थांबू नये. विषाणू बाहेर पडत नसताना घेतलेला नमुना फसवू शकतो. कळप लहान गटांत विभागावा, प्रत्येक गटाची भांडी वेगळी असावीत आणि राखणदाराने नव्या व आजारी पक्ष्यांकडे सर्वांत शेवटी जावे.

शिक्षकांनी फळ्यावर चार पिंजरे काढून राखणदाराचा दिवसभराचा मार्ग विद्यार्थ्यांना आखायला सांगावा. संसर्ग कोणत्या वाटेने जाईल, हे त्यांचे त्यांनाच शोधता येईल.