'शारदा' प्रकरण : कोणाचा पुनर्जन्म?

नागपूरच्या एका मराठी स्त्रीच्या मुखातून १९७४ साली 'शारदा' नावाची बंगाली गृहिणी बोलू लागली. इयान स्टीव्हन्सन यांनी 'अनलर्न्ड लँग्वेज' (१९८४) या ग्रंथात हे प्रकरण चिकाटीने नोंदविले. त्या स्त्रीने पूर्वी बंगालीचे थोडे धडे घेतल्याचेही लपविले नाही. हा प्रामाणिकपणा आम्हांस मान्य आहे. मात्र बंगालमध्ये सापडलेल्या वंशावळीत पुरुषांचीच नावे आहेत. खुद्द शारदा तीत नाही. तरीही ग्रंथकार मृत व्यक्तीच परतल्याच्या कल्पनेकडे झुकतात. ज्यू गूढवादातील 'गिलगुल' आत्मा मानूनच देहांतर सांगतो. ख्रिस्ती धर्मसभेने देहांतर नाकारले, आत्मा राखला. डॉ. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) मध्ये पुनर्जन्म कशाचा आणि कोणाचा, असे दोन प्रश्न वेगळे केले. या प्रकरणात स्टीव्हन्सन यांचा भर दुसऱ्या प्रश्नावर दिसतो.