थापटणं आणि तोटी

मराठी घरात ‘चिनी मातीची’ म्हटलं की पुढे ‘बरणी’ हा शब्द आपोआप येतो. वर तपकिरी, खाली पिवळट पांढरी, लोणच्याची. ती चीनमधून आलेली नसते आणि आपल्याला दिसते ती माती नसतेच, वरची झिलई असते. बरणीचं सगळं मोल तिने काही शोषून न घेण्यात आहे. कैरी काढून लिंबू भरलं तरी तिला कैरी आठवत नाही. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली अकरा वर्षं मी जी चहादाणी वापरते आहे ती खरोखर चिनी मातीची, म्हणजे निदान तसं मी समजत होते, आणि तिचा स्वभाव बरोबर उलटा असायला हवा. तिला झिलई नाही. ती चहा पिते आणि लक्षात ठेवते.

यीशिंग हे जिआंग्सू प्रांतातलं, ताई सरोवराच्या पश्चिमेचं शहर. तिथल्या डोंगरांतून निघणाऱ्या मातीला झिशा म्हणतात, म्हणजे जांभळी वाळू. जांभळी, लाल, पिवळसर अशा तिच्या जाती. ती निघते दगडासारखी. उघड्यावर ऊनपाऊस खाऊन फुटते, मग कुटून, चाळून, भिजवून मुरत ठेवतात. मिंग काळापासून, सुमारे पाचशे वर्षं, तिच्या चहादाण्या होत आल्या आहेत. भट्टीची आच साधारण ११०० ते १२०० अंश. एवढ्या आचेला भांडं टणक होतं, पण काचेसारखं बंद होत नाही. बारीक छिद्रं उरतात आणि चहा त्यांत मुरतो. म्हणून एका चहादाणीत एकाच जातीचा चहा. माझ्याकडे दार्जिलिंगचा, दूध-साखर-आल्याचा चहा गॅसवर पातेल्यात उकळतो, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

कुंभार म्हटलं की आपल्याला चाक दिसतं. ही चहादाणी चाकावर होत नाही. मातीचा गोळा लाकडी मोगरीने ठोकून भाकरीसारखा पसरायचा, त्यातून लांब पट्टा कापायचा आणि वळवून नळकांडं करायचं. जोड एकच, तोही मागे, जिथे पुढे कान बसणार तिथे. मग ते लहान फिरत्या पाटावर ठेवून एक हात आत, दुसऱ्या हातात लाकडी थापी, आणि थापटत थापटत एक टोक आत वळवायचं. चकती बसवून ते बंद केलं की उलटं करून दुसरं टोक. शेवटी तोटी, कान, झाकण, आणि शिंगाच्या पातळ पट्टीने अंग घोटणं. हे कळल्यावर मला परकं वाटेना. आपला कुंभार तरी माठाचं पोट चाकावर कुठे करतो? काठ चाकावर होतो, पोट थापटण्याने येतं.

चांगली कोणती, हे ओळखायच्या खुणा फार गूढ नाहीत. सरळ घाटाची असेल तर झाकण काढून पालथी घालावी. तोटीचं टोक, तोंडाचा काठ आणि कानाचा माथा तिन्ही टेबलाला टेकले पाहिजेत. झाकण खडखडता कामा नये. त्याच्या छिद्रावर बोट ठेवलं की धार थांबते, हा प्रयोग विक्रेते फार हौसेने करून दाखवतात. मला त्याचं तितकं कौतुक नाही, त्यात झाकणाची परीक्षा होते, चहाची नव्हे. खरी परीक्षा धारेची. ती एकसंध पडावी, मनगट वर केलं की तुटावी, आणि शेवटचा थेंब तोटीच्या हनुवटीवरून पोटावर ओघळू नये. मातीतल्या लोखंडाचे काळे ठिपके, आचेने एका अंगाला आलेली सावळी छटा, यांनी काही बिघडत नाही. तोटीच्या मुळाशी केसाएवढी चीर असेल तर मात्र सगळं बिघडतं. गरम पाणी ती चीर रोज थोडी थोडी उघडत नेतं.

हे इतकं स्पष्ट असताना गोंधळ कुठून आला? माझ्या मते पुस्तकांतून, आणि पुस्तकांपेक्षा ती अर्धी वाचण्यातून. ओकाकुरा काकुझो यांचं चहावरचं इंग्रजी पुस्तक १९०६ चं. त्यात त्यांनी अपूर्णतेला जवळजवळ देव्हाऱ्यात बसवलं. पुढे यानागी सोएत्सु यांनी अनाम कारागिराच्या भांड्यातल्या वेड्यावाकडेपणाचं सौंदर्यशास्त्र मांडलं. दिल्लीला या विचाराचं थेट माहेर आहे: यानागी, बर्नार्ड लीच, हामादा यांच्या मंडळीत जपानमध्ये वावरून आलेल्या सरदार गुरचरण सिंगांनी १९५२ मध्ये दिल्ली ब्लू पॉटरी उभी केली, ती आमच्या सेक्टरापासून फार लांब नाही, सफदरजंगच्या बाजूला. त्यांच्या निळ्या-हिरव्या भांड्यांत कच्चेपणाला सवलत दिसत नाही. यानागींनीही ती दिलेली नव्हती. त्यांना भावलेला वाकडेपणा दिवसाला शेकडो भांडी करणाऱ्या हाताचा होता, ज्याला वाकडं करायला वेळच नव्हता. मुद्दाम वाकड्या केलेल्या भांड्यांवर त्यांनी टीकाच केली आहे.

आता मात्र हस्तकलेच्या कुठल्याही बाजारात जा. तोटी गळते? ‘वाबी-साबी.’ झाकण डुगडुगतं? हाताची खूण. दोन वर्षांपूर्वी मी अशी एक चहादाणी घेतली, दिल्लीतच घडलेली, दिसायला गोड, कान जरा झुकलेला. तिच्यातून चहा ओतला की निम्मा कपात आणि निम्मा मेजपोशावर. करणाऱ्या मुलीला मी हे सांगितलं नाही. तिचा उत्साह मोडेल असं वाटलं. हेच मी माझ्या धंद्यातही करते. त्याच सुमारास एका पहिल्या कादंबरीच्या मलपृष्ठासाठी मी चार ओळी लिहिल्या आणि तिच्या रचनेला ‘रांगडी’ म्हटलं. खरं म्हणजे तिचा तिसरा भाग गळत होता. लेखकाने माझ्या शब्दावर भरवसा ठेवला. त्याची दुसरी कादंबरी गेल्या वर्षी आली, तिचाही तिसरा भाग गळतो, आणि आता तो त्याला आपली शैली म्हणतो.

माझ्या जुन्या चहादाणीची गोष्ट याहून अवघड आहे. ती शांघायहून एका नातेवाइकाने आणली. तळाला शिक्का होता. जेएनयूत चिनी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तो वाचला: गु जिंगझोउ. हे नाव विसाव्या शतकातल्या यीशिंगचं सगळ्यात मोठं (१९१५–१९९६). २०१० मध्ये त्यांची एक चहादाणी लिलावात एक कोटी युआनच्या वर गेली. माझी अर्थात त्यांची नसणार एवढं मलाही कळत होतं, पण त्यांच्या परंपरेतली, हाताने घडलेली, असं मी धरून चालले. अकरा वर्षं साबण लावला नाही. वापर झाला की गरम पाण्याने धुऊन झाकण काढून पालथी ठेवली, ओलसर असताना सुती फडक्याने पुसली. चिनी लोक याला चहादाणी पोसणं म्हणतात. आमचं पाणी जड. पोटावर क्षाराचे पांढरे डाग धरू लागले तेव्हा गाळलेलं पाणी वापरायला लागले. हळूहळू तिच्या अंगाला आतून आल्यासारखी झळाळी आली. बिडाचा तवा वापरून वापरून जसा काळाभोर तुकतुकीत होतो, तशी.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायला आलेल्या कुंभारकाम करणाऱ्या बाईंनी ती हातात घेतली, झाकण काढलं आणि आत बोट फिरवलं. मग माझं बोट आत घालायला लावलं. एक शिवण कानाखाली, दुसरी बरोबर समोर, तोटीखाली. तोटीच्या मुळाशी आतून खळगा. म्हणजे पातळ माती साच्यात ओतून केलेली. तोटी आणि पोट एकदमच ओतलेलं. रंगही फार सारखा, एकही ठिपका नाही; मातीत रंग मिसळला असावा, त्या म्हणाल्या. सुरुवातीला हिला वास यायचा का? यायचा. पहिले सहा महिने यायचा. मी तो नव्या मातीचा वास समजले होते.

साचा हा दोष नव्हे, हे मी ठासून म्हणेन. यीशिंगच्या सरकारी कारखान्यातही प्लास्टरचे साचे वापरात आले आणि त्यांतून रोजच्या वापराच्या प्रामाणिक चहादाण्या निघाल्या. नक्कल हाही आपोआप दोष ठरत नाही. सतराव्या शतकात या लाल चहादाण्या चहाबरोबर युरोपात गेल्या, डेल्फ्टमध्ये आणि स्टॅफर्डशरमध्ये त्यांच्या नकला झाल्या. माइसेनच्या ब्योटगरला पांढरं पोर्सेलीन जमण्याआधी याच लाल भांड्यांची नक्कल जमली होती. गु जिंगझोउ स्वतः तरुणपणी, १९३० च्या दशकात, शांघायच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यासाठी जुन्या उस्तादांच्या चहादाण्यांच्या नकला करत होते. ती शिकवणीच होती. माझ्या चहादाणीचा दोष एकच: तिच्या तळाचं वाक्य खोटं आहे. यीशिंगमध्ये तळाच्या आणि अंगावरच्या अक्षरांना मान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चेन मानशेंग हा कवी-अधिकारी चहादाण्यांचे घाट आखायचा, यांग पेंगनियान ते घडवायचा आणि मग त्यांच्या अंगावर ओळी कोरल्या जायच्या. ज्या परंपरेत भांडं हे पानही असतं, तिथे सही खोटी असणं ही तोटी गळण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे.

आणि तोटी गळत नाही, हीच पंचाईत. ती सुरेख ओतते. माझ्या खऱ्या, हाताच्या, दिल्लीत घडलेल्या चहादाणीपेक्षा कितीतरी सुरेख.

या पेचात मला गोरोबाकाकांची आठवण झाली. तेरला संतमंडळी जमलेली, मुक्ताईने कोपऱ्यातलं थापटणं पाहून हे काय म्हणून विचारलं, काका म्हणाले याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमचीही परीक्षा घ्या. काका एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले, सगळे गप्प, नामदेव तेवढे चिडले, आणि तेच कच्चे ठरले. ही गोष्ट आपण नामदेवांच्या अहंकाराची म्हणून सांगतो. माझं लक्ष मात्र हत्याराकडे जातं. भाजलेलं मडकं कुंभार टिचकीने पारखतो; खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर तडा. थापटणं हे पारखायचं हत्यार नव्हेच, ते घडवायचं. ओल्या मातीवरच ते चालतं. काकांनी नामदेवांना कच्चं म्हटलं यात हेटाळणी आहे, पण वावही आहे. कच्च्या मडक्याला अजून आकार देता येतो. नामदेव तिथून विसोबा खेचरांकडे गेले ते म्हणूनच. भट्टीतून निघालेल्या मडक्याला कुणी विसोबा भेटत नाही.

त्या कादंबरीकाराला मी ‘रांगडी’ म्हणाले तेव्हा हातात थापटणं होतं आणि मी टिचकीही मारली नाही. चहादाणीवाल्या मुलीला एवढं सांगायला दोन वाक्यं पुरली असती: तोटीचं टोक थोडं धारदार काप, आणि मुळाशी एकाऐवजी चाळणीसारखी बारीक भोकं पाड. मार्चमध्ये मी तिच्याकडे गेले आणि ती दोन वाक्यं सांगितली. ती जरा गप्प झाली, मग म्हणाली की टोकाचं तिलाही ठाऊक होतं, पण गिऱ्हाइकांना बोथट टोकच ‘हाताचं’ वाटतं.

कादंबरीकाराला अजून पत्र लिहिलेलं नाही. तिसऱ्या भागाची पानं खुणा करून ठेवली आहेत.

शांघायची चहादाणी मी फेकली नाही, पण तिच्यात आता चहाही करत नाही. त्या रंगात काय असेल कोण जाणे. परवा सवयीने फडकं घेऊन तिला पुसायला बसले. झळाळी तशीच आहे. ती मात्र साच्याची नाही, माझ्या हाताची आहे, आणि तिचं काय करायचं ते मला ठरवता आलेलं नाही. सध्या ती खिडकीत झाकण काढून ठेवली आहे, दिल्लीच्या धुळीत.