इराणचे दोन प्रवासी

इराणविषयी इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या प्रवासवर्णनांत रॉबर्ट बायरनच्या ‘द रोड टू ऑक्सियाना’ (१९३७) या पुस्तकाला फार वरचे स्थान दिले जाते. १९३३-३४ मधील प्रवासाची ही रोजनिशी अत्यंत वाचनीय आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. प्राचीन देशातून जाणाऱ्याने पाहावे काय?

बायरनला दृष्टीची विलक्षण देणगी लाभली होती. अकराव्या शतकाच्या आरंभी उभारलेला गुंबद-ए-काबूस हा विटांचा मनोरा किंवा इस्फहानची शेख लुत्फुल्लाची मशीद यांवरील त्याची पृष्ठे वाचताना वास्तू कशी पाहावी, हे आपणांस नव्याने कळते. पर्सेपोलिसची जगन्मान्य शिल्पे त्याला निर्जीव वाटली, तर तसे लिहिण्यास तो कचरत नाही. परंतु माणूस समोर आला, की ही दृष्टी आखूड होते. अधिकारी आणि यजमान प्रहसनातील पात्रांसारखे येतात, आपणांस हसवतात आणि निघून जातात.

याउलट एडवर्ड ब्राउनचे ‘अ यिअर अमंग्स्ट द पर्शियन्स’ (१८९३). ब्राउन १८८७ मध्ये इराणात गेला, तो फारसी शिकून. त्याच्या पुस्तकात वास्तू थोड्या, संवाद फार. धर्मचर्चेची कित्येक पाने वाचकाच्या सहनशीलतेची कसोटी पाहतात, हेही सांगितले पाहिजे. पण यझदच्या जरथुष्ट्रींत तो मिसळला, म्हणूनच त्यांच्यावर लादलेली पिवळी वस्त्रे आणि घोड्यावर बसण्याची बंदी त्याने नोंदली. त्यांच्यावरील जिझिया मुंबईच्या पारशांच्या खटपटीने १८८२ मध्येच उठला होता. अवहेलना मात्र उठली नव्हती. कर्मानमध्ये आपण अफूच्या आहारी गेलो, हेही ब्राउन लपवीत नाही. दुसऱ्याचे गुपित ऐकणारा आपलेही सांगतो, हा या ग्रंथाचा सच्चेपणा होय.

हा भेद केवळ स्वभावाचा नव्हे, भाषेचाही आहे. ‘दप्तर’, ‘कारकून’, ‘सरकार’ हे शब्द फारसीकडून घेऊन शतकानुशतके वापरणाऱ्या मराठी वाचकाला तो लवकर उमगावा. आपले कुतूहल मात्र बहुधा सायरस-दारियसपाशीच थांबते.

कलादृष्ट्या बायरन श्रेष्ठ आहे. तरीही एकच पुस्तक हाती घ्यायचे झाल्यास मी ब्राउनचे घेईन. अवशेषांची प्रतवारी लावून देश समजत नाही; तेथे राहणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हे त्यांच्याच भाषेत विचारावे लागते.