परकोट, वेस आणि शिलालेख : अमरावती व अकोला येथील ऐतिहासिक वास्तूंचे सांस्कृतिक मूल्य

प्रस्तुत लेखात अमरावती व अकोला या वऱ्हाडातील दोन शहरांच्या ऐतिहासिक वास्तूंचा सांस्कृतिक मूल्याच्या अंगाने विचार केला आहे. या शहरांत वेरूळच्या तोडीचे शिल्पवैभव नाही, की पाठ्यपुस्तकांनी घराघरांत पोहोचवलेले शनिवारवाड्यासारखे एखादे नाव नाही. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील आहेत. वऱ्हाडातील एकही नाही. गाविलगड आणि नरनाळा हे वऱ्हाडचे मानबिंदू त्या यादीच्या विषयातच बसत नव्हते, त्यामुळे त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. परंतु यादीत न बसणाऱ्या, भर वस्तीत उभ्या असलेल्या आणि दिसायला सामान्य अशा वास्तूंचे मूल्य कोणत्या निकषावर ठरवायचे, हा प्रश्न अशाच शहरांत कसोटीला लागतो. सौंदर्याने दिपून जाण्याची सोय नसली की मूल्याचा विचार मुळापासून करावा लागतो.

अमरावतीला अंबादेवी व एकवीरा यांच्या मंदिरांमुळे धार्मिक महत्त्व असले, तरी आजचे शहर वाढले ते कापसाच्या व्यापारावर. १८४२ मध्ये एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे रवाना केल्याची नोंद इंग्रजी संदर्भग्रंथांत आढळते. आकडा कोणाला फुगवलेला वाटेल. पण ज्या गावाविषयी असा आकडा विश्वासाने लिहिला जातो, त्या गावाच्या पेठेचे वजन त्यावरून कळते. या पेठेच्या रक्षणासाठी निजामाच्या राजवटीत १८०७ पासून परकोट बांधण्यात आला. भय होते पेंढाऱ्यांचे. सुमारे सव्वादोन मैल परीघ, वीस ते सव्वीस फूट उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या, असे त्याचे वर्णन गॅझेटिअरमध्ये आहे. खिडकी म्हणजे तटातील लहान दरवाजा. या परकोटाच्या आत राजवाडा नाही, सिंहासन नाही. तटाच्या कवेत आहेत त्या सक्करसाथेसारख्या पेठा, सराफा, बुधवारा आणि भाजीबाजार. किल्ल्याची तटबंदी राजाला राखते. ही तटबंदी दुकानदारांना राखण्यासाठी उभी राहिली. वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासाचा हा महत्त्वाचा पुरावा आहे, परंतु परकोटाचे वर्णन करताना तो क्वचितच सांगितला जातो. ‘प्राचीन’ आणि ‘भव्य’ ही दोन विशेषणे लावली की बहुतेक वर्णने संपतात, आणि त्यांतील पहिले तर सरळ चुकीचे आहे.

तटाचा बराच भाग घरांनी, दुकानांनी वेढला गेला असला तरी दरवाजे भाषेत पक्के रोवलेले आहेत. शहरातील पोलीस ठाण्यांची नावे नागपुरी गेट आणि खोलापुरी गेट अशी आहेत. अंबागेट व जवाहर गेट सांगितले की रिक्षावाल्याला दुसरी खूण लागत नाही. नागपूरच्या वाटेवरचा तो नागपुरी, खोलापूरच्या वाटेवरचा तो खोलापुरी. म्हणजे या नावांत रेल्वेपूर्व काळातील वाटांचा नकाशाच साठवलेला आहे. रेल्वे आली, बडनेऱ्याचे महत्त्व वाढले, खोलापूर मागे पडले. अमरावतीच्या तोंडी मात्र ते राहिले. जवाहर गेट हे नाव उघडच विसाव्या शतकातील राष्ट्रीय चळवळीचे देणे आहे. येथे एक भाषिक बाबही नोंदवण्यासारखी आहे. अमरावतीने दरवाजासाठी इंग्रजी ‘गेट’ स्वीकारले, तर अकोल्याने अगरवेस, दहीहंडा वेस अशी ‘वेस’ टिकवली. एकाच प्रांतातील, एकाच प्रकारच्या वास्तूंची ही दोन नामकरणे का झाली, हा भाषाभ्यासकांसाठी स्वतंत्र संशोधनाचा विषय ठरावा.

परकोटाच्या चार खिडक्यांपैकी एकीचे नाव खुनारी खिडकी. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिच्याजवळ झालेल्या चकमकीत सातशे माणसे मारली गेली, म्हणून हे नाव पडले, असे गॅझेटिअर सांगते. अभिमानाच्या परिभाषेत या खिडकीचे काय करायचे? वारशाविषयीचे आपल्याकडील लेखन बहुधा गौरवाच्या भाषेत चालते आणि गौरव करता येत नाही अशा खुणांपाशी गप्प बसते. वस्तुतः शहराने स्वतःविषयी राखलेली अप्रिय आठवण ही प्रिय आठवणीपेक्षा कमी मोलाची नसते.

मूल्यनिश्चितीच्या निकषांची चर्चा युरोपात दीर्घकाळ झाली आहे. जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात जीर्णोद्धाराच्या नावाखाली होणाऱ्या नवनिर्मितीला वास्तूचा विनाशच ठरवले. ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलोइस रीगल यांनी १९०३ च्या निबंधात स्मारकांचे वयोमूल्य, ऐतिहासिक मूल्य व उपयोगमूल्य वेगळे करून दाखवले आणि मुद्दाम उभारलेले स्मारक व काळाच्या ओघात स्मारक बनलेली वास्तू यांतही भेद केला. अमरावतीचा परकोट दुसऱ्या प्रकारात मोडतो. तो कोणाची आठवण राहावी म्हणून कोणी बांधला नव्हता. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या बुरा सनदेने सौंदर्य, इतिहास व शास्त्र यांच्या जोडीला सामाजिक मूल्यालाही स्थान दिले. आपल्याकडील कायद्याचा कल मात्र वयाकडे आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार किमान शंभर वर्षांचे अस्तित्व ही प्राचीन स्मारकाची मूलभूत अट आहे. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवले.

ही तरतूद माळरानावरील वास्तूसाठी योग्य आहे. बाळापूर येथील मिर्झाराजे जयसिंग यांची छत्री नदीकाठी सुटी उभी आहे, तिच्याभोवती मोकळी जागा राखता येते. सव्वादोन मैलांच्या परकोटाला आत-बाहेर शंभर मीटरचा पट्टा लावला, तर जुन्या अमरावतीतील घराला खोली वाढवणेही अशक्य होईल. भिंतीला टेकून तीन पिढ्या संसार केलेल्या कुटुंबाला वारसा हा शब्द नोटिशीसारखा ऐकू येतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणास होणारा विरोध अडाणीपणातून होतो, असे मानण्याची सुशिक्षितांची सवय येथे उपयोगाची नाही. शहरी वास्तूंसाठी श्रेणीनिहाय नियमांचा मार्ग १९९५ च्या मुंबईच्या वारसा नियमावलीने दाखवला आहे, आणि राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा-संवर्धनाची तरतूद आहे. अमरावतीला १९८३ पासून, तर अकोल्याला २००१ पासून महानगरपालिका आहे. तरतुदीतील शब्दांना स्थानिक आशय देण्याचे काम त्या पातळीवरच व्हावयाचे आहे, आणि तो आशय मुंबईतून उसना आणता येणार नाही.

अकोल्याचा असदगड हे या संदर्भात अधिक बोलके उदाहरण आहे. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावावरून हा किल्ला ओळखला जातो. अकोला ही त्याची जहागीर होती. बांधकामाचे वर्ष म्हणून १६९७ रूढ आहे आणि देखरेख ख्वाजा अब्दुल लतीफ याची होती. किल्ल्यावर नक्षीकाम जवळजवळ नाही. शिल्पसौंदर्याच्या मोजपट्टीवर तो खालच्या पायरीवर राहणार, हे मान्य करावे लागते. परंतु त्याचे वैशिष्ट्य त्याच्या लेखांत आहे. दहीहंडा वेशीवरील लेख किल्ल्याचे श्रेय औरंगजेबाच्या राजवटीला आणि असदखानाच्या वजिरीला देतो. ईदगाहवरील लेखात अब्दुल लतीफचे नाव येते. अगरवेशीवरील मराठी लेख मात्र सांगतो, की किल्ला गोविंद आप्पाजी यांनी १८४३ मध्ये बांधला. म्हणजे दीडशे वर्षांच्या अंतराने दोन भाषांत एकाच किल्ल्यावर दोन परस्परविरोधी दावे कोरलेले आहेत. १८४३ मध्ये वऱ्हाड निजामाकडे होते. इंग्रजांकडे ते १८५३ च्या तहाने गेले. तेव्हा ‘बांधला’ याचा अर्थ ‘दुरुस्त केला’ असा घेणे अधिक सयुक्तिक दिसते. दुरुस्ती करणाऱ्याने बांधणाऱ्याचे श्रेय घ्यावे, ही रीत काही १८४३ पुरती मर्यादित राहिलेली नाही, हे सार्वजनिक बांधकामांवरील कोनशिला वाचणाऱ्यास वेगळे सांगायला नको.

याच्या जोडीला अकोलसिंगाची दंतकथा आहे. सशाने कुत्र्याचा पाठलाग करताना पाहून हा शुभशकुन समजत त्याने येथे मातीचा तट घातला आणि त्याच्या नावावरून अकोला हे नाव पडले, असे सांगतात. शौर्यभूमीची अशीच कथा अन्य स्थळांविषयीही सांगितली जाते. ती खोटी म्हणून टाकून देण्याचे कारण नाही; लोकमानसाने गावाला दिलेले ते उगमस्थान आहे. पण दंतकथेला प्रश्न विचारता येत नाही. दगडावरील लेखाला विचारता येतो, आणि दुसऱ्या लेखाशी त्याची साक्ष ताडूनही पाहता येते. ऐतिहासिक वास्तूचे शहराच्या संस्कृतीतील खरे मोल येथे आहे. ती सर्व समाजघटकांना समान खुला असलेला दस्तऐवज असते आणि प्रत्येकाच्या सोयीच्या इतिहासाला थोडी थोडी अडचण करते. असदगड हा केवळ मोगलांचा म्हणावा तर मराठी लेख आडवा येतो; आपलाच म्हणावा तर बाकीचे लेख आडवे येतात. अमरावतीचा परकोटही निजामाने बांधला, राखल्या पेठा स्थानिक व्यापाऱ्यांच्या, आणि आज त्याच्या एका दरवाजाला पंतप्रधानांचे नाव आहे. दगड नाहीसा झाला की उरलेल्या नावावर कोणालाही हवी ती कथा चढवता येते. इंग्रजांनी १८७० च्या सुमारास असदगडाची तटबंदी पाडली आणि उरलेल्या हवाखान्यात पुढे शाळा भरू लागली, असे १९१० चे जिल्हा गॅझेटिअर नोंदवते. आज वेशींची नावे मोहल्ल्यांना चिकटून आहेत. त्यांचा उच्चार करणाऱ्या किती जणांना ‘वेस’ म्हणजे दरवाजा हे जाणवते, हा प्रश्न आहे.

या दृष्टीने पाहिले तर ऐतिहासिक वास्तूंवर होणारे सुशोभीकरण पाडकामाइतकेच चिंताजनक ठरते. पाडकाम निदान दिसते. सिमेंटचा गिलावा, तैलरंगाचे थर आणि रंगीत दिव्यांच्या माळा यांखाली चुन्याचा दर्जा, छिन्नीचे घाव आणि लेखांची अक्षरे मुकाट्याने बुजतात. वास्तू उभी राहते, तिची साक्ष जाते.

वापरात असलेल्या वास्तूंची गोष्ट निराळी आहे. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज १९२३ मध्ये सुरू झाले. पुढे ते विदर्भ महाविद्यालय झाले आणि आता शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. सरकारी पाटी बदलत गेली तरी अमरावतीकर त्या परिसराला व्हीएमव्ही म्हणतात. शंभर वर्षे एकाच कामासाठी वापरली गेलेली वास्तू वऱ्हाडात दुर्मीळ आहे. तिचे जतन कायद्यापेक्षा वर्ग भरण्याने अधिक झाले, असे म्हणता येईल. याच्या उलट टोकाला १८९७ चे काँग्रेस अधिवेशन आहे. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत भरलेले हे अधिवेशन शहराच्या राजकीय इतिहासातील मोठी घटना. स्वागताची धुरा दादासाहेब खापर्डे यांच्याकडे होती. त्या काळच्या प्रथेप्रमाणे मंडप उभारला गेला आणि काम संपताच उतरवला गेला. घटना थोर, पण तिची वास्तू नाही. परकोटामागे अशी एकही राष्ट्रीय घटना नाही, तरी शहराची दिशा तोच सांगतो. वास्तूचे मूल्य तिच्याशी निगडित घटनेच्या मोठेपणावर मोजणे किती अपुरे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

त्याच १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. कापूस बाजार, सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस यांच्या आवारांतच विसाव्या शतकातील वऱ्हाडचे सार्वजनिक जीवन वाढले. पण वारशाच्या चर्चेत त्यांचा उल्लेख होत नाही. मंदिर, किल्ला आणि मशीद यांपुरताच वारसा मानणारी दृष्टी जिनच्या धुराड्याला वास्तू मानायला तयार नसते. उभी आहेत ती आवारे भूखंड होण्यापूर्वी मोजून, छायाचित्रित करून ठेवणे निकडीचे आहे. यादव माधव काळे यांनी १९२४ मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला तेव्हा अशी साधने जुळवणे एकट्याच्या हिमतीवर होते. आज दोन्ही जिल्ह्यांत महाविद्यालये आहेत, इतिहास व मराठीचे पदव्युत्तर विभाग आहेत, आणि प्रकल्प-अहवालाची सक्तीही आहे. गॅझेटिअरमध्ये नोंदलेला प्रत्येक लेख आज कोणत्या दगडावर, कोणत्या अवस्थेत आहे, हे ठसे घेऊन ताडणे, आणि परकोटाच्या आतील वृद्धांकडून खिडक्यांची व बोळांची नावे टिपून घेणे, एवढे काम एका शैक्षणिक वर्षात होण्याजोगे आहे. अगरवेशीपासून त्याची सुरुवात करता येईल.