चोरलेले नाव आणि चोरलेली जात

तोतयाचे आकर्षण मराठी मनाला जुनेच आहे. पानिपतानंतर निघालेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाने पेशवाईतील भल्याभल्यांना झुलवले होते. आजच्या पडद्यावरचा तोतया चार्ल्स शोभराज. त्याच्यावरची 'द सर्पंट' (२०२१) ही आठ भागांची मालिका आणि चिन्मय मांडलेकर यांचा 'इन्स्पेक्टर झेंडे' (२०२५) हा हिंदी चित्रपट सध्या आमचे विद्यार्थीही मोबाईलवर आवडीने पाहतात.

चित्रपट विनोदी आहे. १६ मार्च १९८६ रोजी शोभराजने पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तिहार तुरुंग सोडला आणि ६ एप्रिलला मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पर्वरीच्या हॉटेलात पकडले, एवढीच त्याची गोष्ट. (चित्रपटात त्याचे नाव कार्ल भोजराज. तोतयालाही तोतया नाव!) मनोज वाजपेयींचा झेंडे लोभस आहे, पण मारली गेलेली माणसे हसण्यात कुठल्या कुठे जातात.

मालिका अधिक गंभीर आहे. आलँ गोतिए ह्या नावाने बँकॉकमध्ये जवाहिऱ्या म्हणून वावरणारा शोभराज प्रवाशांना विष देतो, त्यांचे पासपोर्ट घेतो, फोटो बदलतो आणि खून झालेल्या डच तरुणाच्या नावाने विमानात बसतो. कनिप्पेनबर्ग हा डच वकिलातीतला कनिष्ठ अधिकारी पुरावे घेऊन फिरतो, तरी वरिष्ठ हलत नाहीत. पाठीवर पिशवी टाकून हिंडणाऱ्या पोरांची कुणाला पडली होती? हे मालिकेने नेमके पकडले आहे. मात्र त्या पासपोर्टवर लोकांनी विश्वास का ठेवला, हा प्रश्न ती पुरता विचारत नाही. उजळ रंग, उंची कपडे आणि फ्रेंच वळणाची भाषा, हाच त्याचा खरा पासपोर्ट होता. भारतीय बाप आणि व्हिएतनामी आई यांच्या पोटी १९४४ साली सायगावात जन्मलेल्या, बालपणी कुठलेच नागरिकत्व नसलेल्या ह्या माणसाला आपल्यातील काही मित्र विद्रोही समजतात. मला ते मान्य नाही. त्याने साम्राज्याला हात लावला नाही. विश्वासाने जेवायला बसलेल्यांना लुटले.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण कुणाचे काहीही घेत नाही. राहायला जागा हवी म्हणून तो आपलीच जात सांगत नाही, आणि कळल्यावर मार खातो. आपली वस्तू आपणच झाकून ठेवली, तर मराठी भाषा तिला चोरी म्हणते! पर्वरीच्या त्या हॉटेलात मात्र शोभराजचा पुतळा बसवला गेला.

तुर्भ्यात खोली पाहायला गेलेली आमची विद्यार्थिनी आजही नाव सांगताना आडनावापाशी थांबते. घरमालक मात्र थांबत नाही, 'पूर्ण नाव?' असे विचारतोच. उलट जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, तेव्हा तेच आडनाव कागदोपत्री सिद्ध करताना जीव मेटाकुटीला येतो. घरात पहिला पदवीधर मी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजोबांचा कागद कुठून आणायचा? त्यासाठी गावी किती हेलपाटे घातले, ते आठवते. आम्ही खरे असूनही तपासले जातो.

आणि आमचे नाव चोरणारेही आहेतच. खोट्या जात-दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये स्पष्ट सांगितले. ते सांगण्याची वेळ आली, कारण असे तोतये राखीव जागांवर वर्षानुवर्षे बसून होते. पटकथाकारांनी ह्या तोतयाकडे पाहावे. तो विष देत नाही, तुरुंग फोडत नाही. वेळेवर कचेरीत येतो, बढती घेतो आणि डबा खाताना राखीव जागांना शिव्या देतो.