शिवणीतली माया

आळंदीतल्या एका लग्नासाठी माझ्या भाचीने फोनवरून नऊवारी मागवली. शिवलेली. म्हणजे सलवारीसारखे पाय घालून वर ओढायची, काष्टा आणि निऱ्या आधीच शिवून बसवलेल्या, पदर तेवढा खांद्यावर टाकायचा. ती आमच्याकडे चऱ्होलीत राहते आणि चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. शिफ्ट संपवून घरी यायचं, आंघोळ उरकायची आणि मुहूर्त गाठायचा, तर नेसवून घ्यायला वेळ कुठून आणायचा? आळंदी आम्हाला जवळ, पण लग्नसराईत त्या रस्त्याचा भरवसा नाही. म्हणून शिवलेली.

एक्सएल आली, तिचा कंबरेचा हूक लागेना. ती परत करून डबल एक्सएल मागवली. कंबर बसली, पण काठ जमिनीवर लोळू लागला आणि निऱ्यांचा घोळ पायात यायला लागला. तिसऱ्यांदा मागवायला दिवस उरले नव्हते. भाची पलंगावर बसली आणि म्हणाली, "जाऊ दे मावशी. माझं अंगच बेढब आहे. मी ड्रेसच घालते काळा."

या मुलीचं दिवसभराचं काम काय, तर सुटे भाग गेजला लावून बघायचे. मापात नसतील ते बाजूला काढायचे. पण तिनेच मला एकदा सांगितलं होतं की गेजही ठरलेल्या मुदतीने तपासायला पाठवतात. मोजणारं साधन बरोबर आहे ना, हे आधी बघायचं. शिवाय प्रत्येक मापाला थोडं अधिक-उणं चालतं, त्याला टॉलरन्स म्हणतात. घरी आल्यावर मात्र तिला गेजची शंका आली नाही. तिने स्वतःलाच नापास केलं.

मी एरवी पुस्तकांवर लिहिते. या वेळी वाचायला घेतलं ते त्या नऊवारीचं फोनवरचं पान.

पानावर पाच फोटो आहेत. पाचही फोटोंत एकच मुलगी. उंच, सडपातळ, एक हात कंबरेवर, नाकात नथ, नजर कुठेतरी उजवीकडे. कापडावर कंबरेपाशी एकही चुणी नाही. असे फोटो काढताना कपडा पाठीमागून पिना आणि चिमटे लावून आवळतात, ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे. म्हणजे फोटोतली नऊवारी त्या मुलीलासुद्धा तशी बसलेली असेलच असं नाही. खाली बारीक अक्षरांत मॉडेलची उंची दिली आहे: 5 फूट 8 इंच. आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. आठ इंचांचा फरक म्हणजे काय, ते आमच्या पलंगापाशी जमिनीवर लोळत पडलं होतं.

हा फोटो दोन कामं एकदम करतो. कपडा दाखवतो आणि तो कुणाला शोभतो हेही सांगून टाकतो. पहिलं काम दुकानदाराचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. दुसरं काम तो न बोलता करतो, म्हणून त्याच्याशी वादही घालता येत नाही. मग आपण वाद स्वतःशी घालतो. गडद रंग घेतो. बिनबाह्यांचं आवडलं तरी पुढे सरकतो. ओढणी नको असताना घेतो, कारण ती पोटावरून घेता येते. माझ्या कपाटात एक निळा कुर्ता आहे, मीडियम. घेतला तेव्हाही मला लार्ज लागत होता. तो मी घेतला तो चार किलो कमी झाल्यावर घालायचा म्हणून, जवळजवळ नवसासारखा. त्याला आता सात-आठ वर्षं झाली. नवस फिटला नाही आणि कुर्ताही. मी खरेदी केली होती ती फोटोतल्या बाईच्या मापाची, पैसे माझे.

नऊवारीच्या बाबतीत हे जास्तच टोचतं, कारण नऊवारीला मापच नव्हतं. लुगडं नऊ वारांचं, मग नेसणारी कशीही असो. लग्नाआधीची मुलगी, पोटुशी बाई, बाळंतीण आणि आजी, सगळ्यांना तेच लुगडं पुरायचं. कमी-जास्त व्हायच्या त्या निऱ्या. शिवलेली असायची ती फक्त चोळी, आणि तिलाही आतून दोन-तीन टिपा मारून कापड राखलेलं असायचं. या राखलेल्या कापडाला मराठीत 'माया' म्हणतात. अंग भरलं की एक टीप उसवायची. बाई बदलणार हे शिवणारीने धरलेलंच असायचं.

तेव्हा डोळ्यांपुढे आदर्श चित्रं नव्हती, असं मात्र नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला, म्हणजे आमच्या या पट्ट्यापासून फार लांब नाही. तिथून निघालेल्या साडी नेसलेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत भिंतीवर बसल्या. नंतर आले बालगंधर्व. 1911 मध्ये 'मानापमान'मधली भामिनी, 1916 मध्ये 'स्वयंवर'मधली रुक्मिणी. नाटक बघून आलेल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसू लागल्या, तसा गजरा माळू लागल्या, तशी नथ घालू लागल्या, हे त्या काळाबद्दल लिहिणाऱ्या अनेकांनी नोंदवलं आहे. फॅशन मॉडेल या शब्दाचा जो अर्थ आज आहे, त्या अर्थाने मराठी बायकांचा पहिला मोठा मॉडेल पुरुष होता.

त्यांच्या शरीरासारखं शरीर कुठल्याच बाईला मिळणार नव्हतं. ते कुणी मागितलंही नाही. घेतलं ते नेसणं. पदर कसा घ्यायचा, काठ कुठे दिसू द्यायचा, गजरा किती खाली सोडायचा. पुढे त्यांचं वय वाढलं, अंग सुटलं, तरी ते स्त्रीभूमिका करत राहिले. नेसण्याची नक्कल करणारीला त्याने काही फरक पडत नव्हता, कारण तिच्या हातात अखंड कापड होतं.

म्हणून तो काळ सुखाचा होता असं मला म्हणायचं नाही. बाईने कसं दिसावं हे तेव्हाही पुरुष ठरवत होते, इथे तर करूनही दाखवत होते. गोरेपणाचा सोस होता. भारी लुगडी कुणाच्या घरात होती आणि कुणी ठिगळं लावून दिवस काढले, हेही आपल्याला माहीत आहे. माझा मुद्दा एवढाच आहे की त्या चित्राची नक्कल कापडात करता येत होती. आताच्या फोटोची नक्कल अंगात करावी लागते. मधल्या काळात बदललं ते चित्रापेक्षा कापड. ते शिवलं गेलं आणि त्याला इंग्रजी अक्षरं लागली.

ही अक्षरं कुठून आली, तोही वाचण्यासारखा मजकूर आहे. अमेरिकेत 1939-40 मध्ये तिथल्या कृषिखात्याने जवळपास 15,000 बायकांची मापं घेतली. तयार कपड्यांचे साइज बांधण्यासाठी ती मापं वापरली गेली. हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. आपल्याकडचा तयार कपड्यांचा धंदा वर्षानुवर्षं परदेशी तक्त्यांतच थोडा फेरफार करून चालला. भारतीय अंगांची मापं घेऊन आपला तक्ता करावा म्हणून निफ्ट या संस्थेने 2019 च्या सुमारास 'इंडियासाइझ' नावाची पाहणी हाती घेतली. सहा शहरं, 15 ते 65 वयाची सुमारे 25,000 माणसं, असा तिचा आवाका ठरला. म्हणजे इतकी वर्षं भाचीसारख्या मुली ज्या गेजला लागत होत्या, ते त्यांच्यासाठी बनवलेलंच नव्हतं.

यावर सोपा उपाय सुचवला जातो: बारीक मॉडेल काढा, भरलेल्या अंगाच्या घ्या. त्यात तथ्य आहे. इंग्लंडमध्ये एमा हॅलिवेल आणि हेल्गा डिटमार या दोघींनी 2004 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मॉडेल दिसायला आकर्षक असेल, तर ती बारीक असो की साधारण अंगाची, जाहिरातीचा प्रभाव सारखाच पडतो, असं त्यांना आढळलं. बारीकपणा हाच आदर्श मानून बसलेल्या बायकांना मात्र बारीक मॉडेल बघून स्वतःच्या अंगाची काळजी जास्त वाटली. म्हणजे 'बारीक मुलगी दाखवली तरच माल खपतो' ही सबब टिकत नाही. फ्रान्समध्ये 2017 पासून मॉडेलला डॉक्टरचा दाखला लागतो आणि जाहिरातीच्या फोटोत अंगाची ठेवण बदलली असेल तर तसं छापावं लागतं. हेही चांगलंच.

पण मला दोन अडचणी दिसतात. एक म्हणजे भरलेल्या अंगाच्या मॉडेलला बहुतेक ठिकाणी वेगळ्या खणात ठेवतात. 'प्लस साइज' असं दार, त्यातून आत जायचं. मुख्य पानावरची बाई जागची हलत नाही. दुसरी अडचण जास्त खोल आहे. ती नवी मॉडेलही शेवटी आदर्शच असते. कंबर जाड पण पोट सपाट, नाहीतर अंग भरलेलं पण हनुवटी रेखीव. एका गेजच्या जागी दुसरं गेज आलं. भाचीला हवी होती ती माहिती, आणि ती साधी होती: या नऊवारीची कंबर किती इंच, उंची किती, आत कापड किती राखलंय. पाच फोटोंत या तीन आकड्यांना जागा नव्हती.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ती डबल एक्सएल घेऊन गल्लीतल्या शिवणाच्या ताईंकडे गेलो. त्या घरीच मशीन ठेवून ब्लाउज, फॉल-पिको आणि आजकाल मुख्यतः ऑनलाइन आलेले कपडे दुरुस्त करतात. त्यांनी नऊवारी उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ताई, पोरीत कायबी खोट नाही. कापडात मायाच ठेवली नाही बघा. कडेला शिवून मोकळे झालेत." उंची त्यांनी कंबरेतून घेतली, हूक काढून नाडी घातली, निऱ्या दोन ठिकाणी नव्याने बसवल्या. दीड तास लागला. भाचीची मापं घेताना त्यांनी आकडे मोठ्याने म्हटले आणि खडूने फळीवर लिहिले. छत्तीस. अडतीस. त्या आवाजात ना कौतुक होतं, ना कीव.

लग्नात भाची नऊवारीतच होती. छान दिसत होती, हे मी सांगायला नको, मावशी आहे. पण गटाचा फोटो काढताना तिने पर्स पोटासमोर धरली. एका संध्याकाळच्या दुरुस्तीने तेवढं सुटत नाही, आणि सुटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

दोन दिवसांनी ती फोन घेऊन बसली होती. त्याच पानावर, अगदी तळाशी, जिथे घेणाऱ्यांचे अभिप्राय असतात. खरेदी करणाऱ्या बायका हल्ली वरचे पाच फोटो झरझर सरकवून आधी तळाशी जातात, हे मी पाहिलं आहे. तिथे ट्यूबलाइटच्या उजेडात, मागे वाळत घातलेले कपडे किंवा फ्रिज असे काढलेले फोटो असतात. कुणी फक्त गळ्याखालचा, कुणी चेहऱ्यावर फोन धरून आरशातला. खाली लिहिलेलं असतं: उंची पाच फूट एक, कंबर चौतीस, एक साइज मोठा घ्या, हात घट्ट आहेत. या मजकुराला समीक्षा म्हणायला मला अजिबात संकोच नाही. वरच्या फोटोने जे लपवलं ते या बायका एकमेकींना सांगत असतात, आणि ज्या आकड्यांची लाज वाटायला हवी असं त्यांना शिकवलंय, तेच आकडे त्या लिहितात.

भाचीने तिथे आपला फोटो टाकला. डोकं कापून. खाली लिहिलं: उंची 5 फूट, कंबर 36. एक्सएल बसली नाही, डबल एक्सएल लांब होते. आत माया नाही, घेतल्यावर शिवणवालीकडे जावं लागेल, तो खर्च धरा.

काल संध्याकाळपर्यंत तिचा अभिप्राय उपयोगी वाटल्याची खूण अकरा जणींनी केली होती. तिने तो आकडा मला दोनदा दाखवला.