कर्णाचें धनुष्य आणि वाचकाची दृष्टि

महाकाव्याचा वाचक नायकाच्या अंतःकरणांत शिरून त्यास पाहतो, असें सामान्यतः समजलें जातें. महाभारताविषयीं तरी आम्हांस हें मान्य नाहीं. द्रौपदीस्वयंवर पाहावें. अर्जुन ब्राह्मणवेषानें धनुष्याकडे निघतो, तेव्हां बोलतात ते भोवतालचे ब्राह्मण. हा पोर राजमंडळांत आपलें हसें करणार, असें कोणी म्हणतो; कोणी त्याचे खांदे व बाहु पाहून धीर धरतो; कित्येक अजिनें हालवून कोलाहल करतात. तो अर्जुन आहे हें वाचकास ठाऊक, त्यांस नाहीं. प्रसंगाची गोडी सारी ह्या अंतरांत आहे.

ह्याच ब्राह्मणांच्या तोंडीं एक महत्त्वाची साक्ष आहे. कर्ण, शल्य आदि नामांकित धनुर्धरांस जें धनुष्य वांकवितां आलें नाहीं, तें हा बटु काय वांकविणार, असें ते म्हणतात. परंतु नीळकंठी पाठांत तत्पूर्वींच कर्ण धनुष्य सज्ज करतो व द्रौपदी सूतपुत्र म्हणून त्यास नाकारते! दोन्ही गोष्टी एकत्र नांदूं शकत नाहींत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या आदिपर्वांत (१९३३) डॉ. सुकथनकर यांनीं नकाराचा प्रसंग मूळ संहितेंत घेतला नाहीं, तें यथार्थच होय.

मग तो आला कोठून? आमचा तर्क असा कीं, लेखकु हाही वाचकच. रंगभूमीवर कर्ण येतो तेव्हां प्रेक्षकांस दिसतो एक अनोळखी वीर, आणि अधिरथ येतांच सूतपुत्र. मूर्च्छित कुंतीचें रहस्य मात्र वाचक जाणतो. ह्या जाणिवेंतून उपजलेली करुणा कोणा लेखकूस आवरली नसावी. पुढें कादंबरीकारांनीं हीच वाट रुंद केली. ‘मृत्युंजय’ (१९६७) मध्यें तर कर्ण स्वतःच बोलूं लागतो. त्यांत दोष नाहीं, पण तो व्यासांचा कर्ण नव्हे.

प्रक्षिप्त ठरलें म्हणजे निरुपयोगी झालें, हा समज मात्र घातक आहे. अर्वाचीन म्हणून कित्येक पोथ्या उपेक्षिल्या जातात. मूळ पाठासाठीं त्यांचें मोल थोडें असेल. जुन्या वाचकांनीं कर्णाकडे कसें पाहिलें, हें सांगणारा दुसरा पुरावा आमच्यापाशीं फारसा नाहीं. अशी पोथी हातीं आल्यास हा प्रसंग मुख्य ओळींत आहे, समासांत आहे, कीं निराळ्या हातानें मागाहून जोडलेल्या पानावर आहे, एवढें तरी संग्राहकांनीं टिपून ठेवावें.